एकोणतीसच्या ऑनलाइन डावात दर रविवारी तोच वाद: जोडी, बंद हुकूम आणि बोली नेमकी कुठे अडते

एकोणतीस हा पत्त्यांचा खेळ आम्ही घरचे ऑनलाइन खेळतो. गेल्या पावसाळ्यापासून आमच्या टेबलावर एकच तक्रार परत परत येत होती. "डाव आपण काढला, आणि हे ॲप हरलात म्हणून दाखवतंय." कधी मामा म्हणायचे, कधी भावोजी. मी दोनदा ॲप काढून नव्यानं टाकलं, एकदा ॲपच बदललं, मामांना नवा फोन घेऊन दिला. तक्रार तशीच राहिली. मग अडीच महिन्यांनी कारण सापडलं, आणि ते इतकं साधं होतं की आधी का दिसलं नाही याचं वाईट वाटलं. या वादापायी मामांनी आठ दिवस माझा फोन उचलला नव्हता. अशी वेळ दुसऱ्या कुणावर येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

टेबलावर आम्ही चौघं. निपाणीचे मामा, गोकाकचे भावोजी, खानापूर तालुक्यात जांबोटीला राहणारा धाकटा चुलतभाऊ, आणि बेळगावात अनगोळला मी. मामा आणि मी भिडू, भावोजी आणि चुलतभाऊ भिडू. थोरली अक्का, म्हणजे भावोजींची बायको, स्वतः खेळत नाही, पण भावोजींच्या शेजारी बसून वहीत गुण मांडते. त्या वहीनंच आम्हाला वाचवलं.

घाईत असाल तर एवढंच वाचा. खासगी टेबल ज्याच्या फोनवरून उघडतं, त्याच्या फोनमधले नियम चौघांना लागतात. लाईट गेली, टेबल मोडलं आणि दुसऱ्यानं नवं उघडलं, की नियम मधेच बदलतात, आणि त्याची सूचना कुणालाच येत नाही. म्हणून टेबल कायम एकाच फोनवरून उघडा, आणि पहिलं पान वाटण्याआधी चार गोष्टी मोठ्यानं विचारा: जोडी (एकाच्या हातातले हुकमाचे राजा-राणी) आपोआप धरणार की बटण दाबायचं, झाकलेला हुकूम उघडायला मागणाऱ्यानं हुकूमच मारायचा का, बरोबरीची बोली (बोली म्हणजे आपली बाजू किती गुण काढणार तो आकडा) चालते का, आणि शेवटच्या हाताचा एक गुण मोजायचा का. आमच्या भांडणांपैकी बहुतेक भांडणं या चारांत बसली.

आता एकेक प्रकरण.

जोडी

सुरुवात इथून करतो, कारण मामांनी फोन ठेवला तो यावरून.

ज्यांना खेळ नवा आहे त्यांच्यासाठी आधी हिशेब. सत्तीपासून एक्क्यापर्यंत ३२ पानं, प्रत्येकाला ८. गुलामाचे ३ गुण, नव्वीचे २, एक्क्याचा १, दश्शीचा १. राजा, राणी, अठ्ठी, सत्ती यांना काही नाही. एका रंगाचे ७, चार रंगांचे २८. जुन्या पद्धतीत शेवटचा हात करणाऱ्याला आणखी १ गुण मिळायचा, म्हणून नाव एकोणतीस. आज बरेच जण तो गुण मोजत नाहीत, नाव मात्र तेच चालतं.

राजा आणि राणीला गुण नसले तरी हुकमाचा राजा आणि हुकमाची राणी एकाच्या हातात आली की ती जोडी. बोली ज्यांची आहे त्यांच्याकडे जोडी असेल तर त्यांचं लक्ष्य ४ नं खाली येतं, पण १६ च्या खाली जात नाही. समोरच्यांकडे असेल तर बोलीवाल्यांचं लक्ष्य ४ नं वर चढतं, २८ पर्यंत. म्हणजे १९ ची बोली तुमच्या जोडीनं १५ नाही, १६ होते. समोरच्यांच्या जोडीनं २३ होते. एका डावात सात गुणांचा फरक पडतो, मग आवाज चढणारच.

त्या रविवारी बोली मामांची होती, १९. हुकूम बदाम. तिसऱ्या हाताला भावोजींनी हुकूम उघडायला लावला. चौथा हात मामांनी बदामाच्या गुलामावर उचलला. त्यांच्याकडे बदामाचे राजा-राणी दोन्ही होते. घरी बसून खेळताना मामा अशा वेळी दोन्ही पानं क्षणभर उलटी करून दाखवतात, "जोडी बघा" म्हणतात, आणि परत हातात धरतात. ॲपवर काय दाखवणार? त्यांना वाटलं, यंत्राला पानं दिसतातच की. पाचव्या हाताला त्यांनी राणी टाकली. डावाच्या शेवटी आमचे १६, त्यांचे १२. मामा म्हणाले, "झालं, काढला डाव." पडद्यावर आलं: लक्ष्य १९, मिळाले १६, हरलात.

मामा काय चिडले ते सांगत नाही. त्यांना वाटलं भावोजींनी काही तरी सेटिंग केलं. भावोजींना वाटलं आपल्यावर आळ आला. दोघंही सरळ माणसं, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर.

घडलं होतं असं. हुकूम उघडल्यानंतर तुमच्या बाजूनं एक हात केला, की या ॲपवर खाली डाव्या कोपऱ्यात 'पेअर' नावाचं लहान बटण उजळतं. दोन्ही पानं हातात असेपर्यंतच ते राहतं. त्यातलं एक पान खेळलं की बटण गायब, आणि जोडी गेली ती गेलीच. मामांचा फोन मी आधीच्या महिन्यात अक्षरं मोठी करून दिला होता. मोठ्या अक्षरांमुळे पडद्याचा खालचा भाग कापला जात होता आणि ते बटण अर्धंच दिसत होतं. हे मला नंतर निपाणीला जाऊन, त्यांच्या शेजारी बसून, त्यांच्याच फोनवर खेळल्यावर कळलं. फोनवरून विचारून हे कधीच कळलं नसतं, कारण जे दिसतच नाही त्याबद्दल माणूस सांगणार तरी काय?

उपाय दोन. घरात ज्येष्ठ खेळत असतील तर त्यांच्या फोनची अक्षरं मोठीच ठेवा, पण पडदा आडवा करून खेळायला द्या. आणि टेबलाच्या नियमांत 'पेअर' समोर आपोआप असा पर्याय असेल तर तो निवडा. आमच्या ॲपमध्ये तो आहे. मूळचा मात्र बटणाचा असतो.

एक बारीक गोष्ट राहिली. हुकूम उघडण्याआधी जोडी दाखवता येत नाही. आणि उघडल्यावर आपल्या बाजूनं हात केल्याशिवायही नाही. चुलतभावाची एकदा याच कारणानं जोडी वाया गेली: हुकूम सातव्या हाताला उघडला, तोवर त्याची राणी जाऊन बसली होती. त्यात ॲपची चूक नाही. हातात राजा-राणी दोन्ही असतील आणि तो रंग हुकमाचा असेल असा वास येत असेल, तर हुकूम लवकर उघडेल असं खेळावं.

बंद हुकूम आणि 'मागणे'

मेंढीकोटमध्ये बंद हुकूम खेळलेल्यांना हे अर्धं माहीत असतं. अडचण त्या अर्ध्या माहितीनंच होते.

बोली जिंकणारा पहिल्या चार पानांवरून हुकूम ठरवतो आणि तो झाकलेला राहतो. खरी पानं घेऊन खेळताना दुर्रीपासून पंजीपर्यंतची पानं डावात नसतात. त्यातलंच एक पान हुकमाची खूण म्हणून पालथं ठेवतात. ॲपवर कोपऱ्यात एक पालथं पान दिसतं. जोवर ते उलटत नाही तोवर तो रंग इतर रंगांसारखाच असतो, त्याला कसलाही जोर नाही. एखाद्याकडे उतारीच्या, म्हणजे हातातल्या पहिल्या पडलेल्या पानाच्या, रंगाचं पान नसेल तर तो हुकूम उघडायला सांगू शकतो. सांगितलंच पाहिजे असं नाही. कुठलंही पान टाकून तो गप्प राहू शकतो.

माझ्याकडून झालेली चूक सांगतो. भावोजींनी इस्पिकचा गुलाम उतरवला. मामांकडे इस्पिकचं एकच पान, एक्का, तो पडला. चुलतभावानं दश्शी टाकली. हातात ३ आणि १ आणि १, पाच गुण झालेले. माझ्याकडे इस्पिक नाही. मी पटकन किलवरची सत्ती टाकली, मनात असं की किलवर हुकूम असेल तर हात आपला. दोन हात गेल्यावर हुकूम उघडला तो किलवरच निघाला. मी म्हटलं, "अरे, मग तो आधीचा हात आमचा की!" अजिबात नाही. मी मागितलाच नव्हता, म्हणून माझी सत्ती ही फेकलेली सत्ती. आधी 'हुकूम उघडा' चं बटण, मग पान, हा क्रम चुकला की पान परत घेता येत नाही. त्या एका दाबण्यानं सगळ्यात क्षुल्लक पानानं पाच गुणांचा हात उचलला असता.

ॲपवर हे बटण पानांच्या वर येतं आणि वीस सेकंदांचं घड्याळ चालू असतं. सवय नसलेला माणूस थेट पानावर बोट ठेवतो. नवीन खेळाडूला मी आता एकच गोष्ट सांगतो: उतारीचा रंग हातात नसेल तर पानाला हात लावण्याआधी वर बघ.

मग प्रश्न येतो, मागणाऱ्यानं हुकूमच मारायचा का? इथे घरोघरी वेगळं चालतं. मामांच्या घरी सक्ती आहे: मागितलास आणि हातात आहे, तर मारायचाच. भावोजींकडे तशी सक्ती नाही. ते कधी कधी नुसता हुकूम कळावा म्हणून मागतात आणि दुसरंच पान टाकतात. मामांना ती लबाडी वाटायची. टेबलाच्या नियमांत याची वेगळी ओळ आहे, आणि ज्याच्या फोनवरून टेबल उघडलं त्याप्रमाणे ती बदलत होती. माझं मत मामांच्या बाजूचं आहे. सक्ती असली की मागायला किंमत पडते, आणि बंद हुकमाची सगळी मजा त्या किमतीत आहे. पण मत कुणाचं काहीही असो, ते डावाआधी ठरावं.

हुकूम म्हणजे इस्पिक?

हा गोंधळ आमच्या भागातल्या माणसांनी नीट समजून घ्यावा, कारण तो भाषेचा आहे.

आमच्या ॲपमध्ये मराठी नाही. चुलतभावानं फोन हिंदीत ठेवला होता. हिंदीत इस्पिकलाच 'हुकुम' म्हणतात, आणि बदामाला 'पान'. आपल्याकडे हुकूम म्हणजे डावातला सरस रंग आणि पान म्हणजे कुठलंही पत्त्याचं पान. त्याच्या पडद्यावर रंग निवडायला चार शब्द आले, त्यातला एक 'हुकुम'. त्याला वाटलं, हे हुकूम जाहीर करायचं बटण. त्यानं दाबलं, आणि इस्पिक हुकूम ठरला. त्याच्या हातात इस्पिकची एक अठ्ठी होती. १८ ची बोली घेतलेला डाव पहिल्या चार हातांतच बुडाला, आणि भावोजी विचारायला लागले की असा कसा हुकूम लावलास बाबा?

दुसऱ्या बाजूला भावोजी कन्नडमध्ये शिकलेले. घरात मराठी बोलतात, पण पत्ते खेळताना बदामाला आटीन आणि किलवरला कळावर म्हणतात, हुकमाला तुरुप. आम्ही खेळताना फोनवर बोलत असायचो. कळावर आणि किलवर जवळचे, ते कळायचं. आटीन म्हटलं की मामा विचारायचे, "काय आठ?" त्यांना वाटायचं भावोजी अठ्ठीबद्दल काही तरी भिडूला सुचवतायत. एक शब्द ऐकायला चुकला की संशयाला जागा मिळते.

फोन चौघांचे इंग्रजीत ठेवले आणि रंग शब्दानं न ओळखता चित्रानं ओळखायचे, असं ठरलं. डाव चालू असताना आवाज बंद. पानं वाटून झाली की बंद, निकाल लागला की चालू. हुकूम झाकलेल्या खेळात "आता ते संपलं वाटतं" एवढं वाक्यही भिडूला पुरतं, मग ते कितीही निर्मळ मनानं म्हटलेलं असो. मला याचं सुरुवातीला वाईट वाटलं होतं, कारण आम्ही खेळतो तेच मुळी बोलण्यासाठी. पण दोन डावांच्या मधे आता आम्ही आधीपेक्षा जास्त बोलतो.

याच ओघात आणखी एक. नवरा-बायको किंवा दोघं भाऊ एकाच खोलीत दोन फोन घेऊन भिडू म्हणून बसले तर बाकीच्या दोघांच्या मनात शंका राहते. त्यांना समोरासमोरच्या बाजूंना बसवा.

बोली, आणि जांबोटीचा पाऊस

बोली १६ पासून सुरू होते. पहिली चार पानं आली की बोलायचं. पुढच्यानं वर जायचं नाही तर पास म्हणायचं. एकदा पास म्हटलं की त्या डावात परत बोलता येत नाही. सगळेच पास झाले तर पानं पुन्हा पिसायची. इथवर सगळीकडे सारखं.

वेगळं पडतं ते बरोबरीत. मामांच्या घरी पहिल्या बोलणाऱ्याचा मान असतो: त्यानं १६ म्हटलं, पुढच्यानं १७ म्हटलं, तर पहिला "सतरा माझेच" म्हणून त्याच आकड्यावर राहू शकतो, आणि मग पुढच्याला १८ म्हणावं लागतं. आमच्या ॲपमध्ये हा मान मूळच्या नियमांत नाही. तिथे वर जा किंवा सोडा. मामांनी १७ वर बोट ठेवलं की तो आकडा पुसट दिसायचा, ते परत परत दाबायचे, तोवर वीस सेकंद संपायचे आणि ॲप त्यांच्या नावानं पास म्हणून टाकायचं. मामांची तक्रार असायची, "मी बोललो होतो, यानं घेतलंच नाही." खरंच होतं ते. त्यांनी बोट ठेवलंच होतं.

चुलतभावाचं दुखणं वेगळं. जांबोटी ते कणकुंबी या पट्ट्यात पावसाळ्यात काय पाऊस पडतो ते तिकडच्यांना सांगायला नको. मलप्रभा तिथूनच निघते. जुलै-ऑगस्टात लाईट जाणं आणि रेंज जाणं ही रोजची गोष्ट. रेंज दहा सेकंद गेली तरी बोलीच्या वेळी त्याचा पास पडायचा, आणि खेळताना गेली तर ॲप त्याच्या जागी स्वतः पानं टाकायचं. यंत्रानं टाकलेलं पान भिडूला कधी कळत नाही. भावोजी म्हणायचे, "हा पोरगा नव्वी अशी कशी फेकतो?" पोरगा माडीवर खिडकीत फोन धरून उभा असायचा आणि टेबलावर त्याच्या नावानं दुसरंच कुणी खेळत असायचं. तो बिचारा काही बोलायचा नाही, हरल्याचा दोष मुकाट घ्यायचा. हे कळलं तेव्हा आम्हा सगळ्यांनाच लागलं.

आता आम्ही असं करतो. बोलीच्या आधी चौघांच्या नावांसमोर हिरवा ठिपका आहे ना, ते अक्का बघते. एखाद्याचा ठिपका करडा झाला आणि पहिला हात अजून पूर्ण झाला नसेल, तर तो डाव वहीत धरायचा नाही. ॲप काहीही निकाल दाखवो, आमचा गुण वहीतला. पहिला हात झाल्यावर गेला तर डाव धरायचा, कारण मग हरणारा दर वेळी रेंजकडे बोट दाखवेल. पावसाळ्यात चुलतभाऊ वायफायवर न बसता मोबाइलच्या इंटरनेटवर बसतो. लाईट गेली तर वायफाय आधी जातं.

एक्का मोठा की नव्वी?

यावर फार लिहीत नाही. आमच्या घरात मेंढीकोटवर वाढलेली माणसं जास्त. तिथे एक्का सगळ्यांत वर आणि दश्शी म्हणजे मेंढी. एकोणतीसमध्ये क्रम असा: गुलाम, नव्वी, एक्का, दश्शी, राजा, राणी, अठ्ठी, सत्ती. सगळ्या रंगांत हाच. युरोपातल्या यास नावाच्या पत्तेखेळांच्या कुळाशी या खेळाचं नातं जोडलं जातं. तिथेही हुकमात गुलाम आणि नव्वी वर असतात. नवं माणूस राजानं नव्वी मारायला जातं आणि ॲपवर ओरडतं. क्रम कागदावर लिहून फोनच्या मागे चिकटवा, आठवड्यात बोटांना सवय होते.

भावोजींची गोष्ट जरा निराळी, कारण ते आधी तीनशेचार खेळलेले. पानांचा क्रम तोच, गुण मात्र मोठे: गुलाम ३०, नव्वी २०, एक्का ११, दश्शी १०, राजा ३, राणी २. एका रंगाचे ७६, चौपट केले की ३०४. तिथे राजा-राणीलाही किंमत असते, म्हणून ते एकोणतीसमध्येही राजा जपून ठेवायचे आणि शेवटी त्याचे काहीच मिळाले नाहीत की ॲपनं गुण खाल्ले असं त्यांना वाटायचं. ॲपमध्ये अठ्ठावीस, एकोणतीस आणि तीनशेचार हे तिन्ही एकाच यादीत एकाखाली एक आहेत. चुकून दुसरं उघडलं गेलं तर पहिल्या डावातच ताळेबंद चुकतो. आकडे कधी जुळेनासे झाले तर सर्वांत आधी टेबलाच्या डोक्यावर कुठलं नाव आहे ते बघा.

कारण सापडलं ते असं

अक्काच्या वहीत प्रत्येक डावाला एक ओळ असते: बोली कुणाची, किती, जोडी कुणाकडे, आमच्या मते कोण, ॲपच्या मते कोण. ऑक्टोबरमध्ये दसऱ्याला मी गोकाकला गेलो होतो. रात्री जेवणं झाल्यावर ती वही घेऊन बसली. तिनं जिथे दोन निकाल जुळत नव्हते तिथे शाईनं फुली मारली होती. एका रविवारी पहिल्या सहा डावांना एकही फुली नाही, आणि मग ओळीनं चार. ती म्हणाली, "सहाव्या डावानंतर इथे लाईट गेली होती बघ. मग मामांनी परत टेबल लावलं."

तिथेच उलगडलं. आम्ही मागचे सगळे रविवार काढले. फुल्या होत्या त्या टेबल मोडून नवं उघडल्यानंतरच्या डावांना. माझ्या फोनवर मी कधी तरी जोडी आपोआप आणि बरोबरीची बोली चालू केली होती. मामांचा फोन नवा, त्यात सगळे मूळचे नियम. भावोजींच्या फोनवर शेवटच्या हाताचा गुण चालू होता, तो कुणी चालू केला हे त्यांनाही आठवत नव्हतं. एकाच रात्री आम्ही तीन वेगळे खेळ खेळत होतो, आणि चौघांनाही वाटायचं एकच चाललाय. अक्कानं फोन लावला आणि मामांना ते सांगितलं. पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाले, "जावयबापूंना फोन दे."

तुमच्याकडे वही नसेल तर तपासायला सोपी रीत आहे. एकट्यानं यंत्राबरोबर चार-पाच डाव खेळा, तेच टेबल आपल्या फोनवरून उघडून, आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट पारखा. एकदा मुद्दाम बरोबरीची बोली लावून बघा. एकदा हुकूम मागून दुसरं पान टाकता येतं का बघा. सगळ्या डावांत दोन्ही बाजूंच्या गुणांची बेरीज करा: २८ आली तर शेवटच्या हाताचा गुण बंद, २९ आली तर चालू. बेरजेची ही खूण मला सर्वांत उपयोगी वाटते, ती दर डावाला करता येते आणि त्यात वाद होत नाही. नियमांच्या पानाचं चित्र काढून घरच्या गटावर टाका. आम्ही मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीत लिहून टाकलंय, म्हणजे भावोजींची भाची कधी चौथी म्हणून बसली तर तिलाही कळतं.

गुणांच्या मांडणीबद्दल थोडं. निपाणीला मामांच्या माडीवर खेळताना प्रत्येक बाजूला दोन छक्क्या असतात, एक तांबडी आणि एक काळी. डाव काढला की तांबडीवरचा एक ठिपका उघडा करायचा, बुडवला की काळीवरचा. सहा तांबडे झाले की जिंकलं, सहा काळे झाले की हरलं. ती पानं इतकी जुनी आहेत की हातात धरली तरी तंबाखूच्या वखारीचा वास येतो. ॲपवर त्याऐवजी अधिक सहा आणि उणे सहा असा आकडा धावतो. हिशेब तोच आहे. फक्त डबल म्हटलं की एकाऐवजी दोन जातात आणि त्यावर पुन्हा डबल झालं की चार, हे मामांना आधी खटकायचं, कारण त्यांच्याकडे डबल नव्हतंच. आम्ही ते बंद ठेवलं आहे. बोली संपल्या संपल्या बोटाखाली येणारं बटण चुकून दाबलं जातं, आणि चार गुण चुकून जाणं बरं नाही.

पैसे लावून हा खेळ ऑनलाइन खेळू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या कायद्यानं ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी आली आहे, आणि घरच्या टेबलावर तसंही ते शोभत नाही. आमच्याकडे महिन्याअखेरीस हरलेली बाजू कुंदा, म्हणजे बेळगावची मिठाई, पाठवते.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. मामांना सातव्या पानाचा हुकूम हवा असतो. बोली जिंकणाऱ्यानं स्वतः रंग न निवडता "सातवं" म्हणायचं, आणि पुढची चार पानं वाटताना त्याला येणारं सातवं पान न बघता पालथं ठेवायचं, तोच हुकूम. चार पानांत धड काही नसतानाही धाडसानं बोली लावता येते ती त्यामुळेच. आमच्या ॲपमध्ये ही सोय नाही, आणि डोळे मिटून कुठला तरी रंग दाबणं म्हणजे सातवं पान नव्हे, कारण पहिल्या चारांत काय आहे ते बोटाला ठाऊक असतंच. कुणाच्या टेबलावर ही सोय असेल तर नियमांच्या यादीत ती कुठल्या नावाखाली आहे तेवढं कळवा. तोवर सातवं पान दिवाळीत, निपाणीला, खऱ्या पानांनीच.